उचकी, भांडण आणि एक फ्रेंच नाटक



"डॉक्टर, टेन्शनने उचकी लागते का?" हा प्रश्न मला दवाखान्यात महिन्यातून एकदा तरी ऐकायला मिळतो. त्याचं सरळ उत्तर "कधी कधी लागते" एवढंच आहे. पण विचारणारी व्यक्ती लगेच उठत नाही. "घरात जरा वातावरण ठीक नाही," असं हळूच सांगते. म्हणजे प्रश्न उचकीचा नसतो. नवरा-बायकोचं पटत नसेल तर त्याचा शरीरावर परिणाम होतो का, आणि वेगळं झाल्यावर तब्येत सुधारते का, हे तिला विचारायचं असतं. आज या दोन्ही प्रश्नांबद्दल लिहितो. त्यासाठी एका नाटकाची मदत घेणार आहे, थोडा धीर धरा.

नाटकाचं वेड मला लहानपणापासून आहे. नवरा-बायकोच्या भांडणावरची विनोदी नाटकं आपल्याकडे कधी पडत नाहीत, हे तुम्हालाही माहीत आहे. अत्र्यांचं 'लग्नाची बेडी' १९३६ साली आलं आणि त्यानंतर हा ओघ थांबलेला नाही. पण आजचं नाटक पॅरिसचं आहे, १८८० सालचं. माझी त्याच्याशी ओळख झाली ती एका सिनेमामुळे, आणि तीसुद्धा उचकीमुळे.

अर्न्स्ट लुबिच या दिग्दर्शकाचा १९४१ सालचा 'दॅट अनसर्टन फीलिंग' हा चित्रपट आहे. न्यूयॉर्कमधली एक सुखवस्तू बाई. नवरा विम्याच्या धंद्यात, कामात बुडालेला. भांडण म्हणावं असं काही नाही. फक्त तिला उचकी लागते. वैतागली की लागते, अस्वस्थ झाली की लागते. मैत्रिणीच्या सांगण्यावरून ती मनोविश्लेषकाकडे जाते आणि बोलता बोलता तिला कळतं की आपण सुखी आहोत असं जे आपण धरून चाललो होतो ते तितकंसं खरं नाही. नवऱ्याला तिच्या पोटात बोट खुपसून "कीक्स!" म्हणायची सवय असते. त्याला ते लाडाचं वाटतं, तिला ते सहन होत नाही, आणि तिने ते कधी सांगितलेलं नसतं. माझ्या मते हे चित्र फार अचूक आहे. मोठ्या कारणांपेक्षा असल्या वर्षानुवर्षं न सांगितलेल्या 'कीक्स'च माझ्या टेबलापर्यंत जास्त येतात. कोणाचा नवरा जेवताना फोन बघतो, कोणाची बायको चारचौघांत त्याचं वाक्य तोडते.

आता उचकीबद्दल. छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटल नावाचा घुमटासारखा स्नायू असतो. तो अचानक आकसतो, हवा आत ओढली जाते आणि क्षणार्धात स्वरयंत्राची फट बंद होते. तो बंद होण्याचा आवाज म्हणजे 'हिक्'. श्वासपटलाला चालवणारी फ्रेनिक नस, पोटापासून मेंदूपर्यंत जाणारी व्हेगस नस आणि मेंदूच्या देठातलं केंद्र, असं हे वर्तुळ आहे. या वर्तुळात कुठेही चिमटा बसला की उचकी सुरू होते. भराभर जेवलात, सोडा प्यालात, दारू घेतलीत, पोट फुगलं, की लागते. खूप हसल्याने किंवा घाबरल्यानेही लागते. म्हणजे चित्रपटातली बाई अगदीच खोटी नाही.

आपल्याकडे उचकी लागली की "कोणीतरी आठवण काढतंय" म्हणतात आणि एकेकाचं नाव घेऊन बघतात. माझी त्याला काहीही हरकत नाही. नावं घेताना श्वास रोखला जातो, लक्ष दुसरीकडे जातं, आणि साधी उचकी तशीही काही मिनिटांत थांबतेच. पण उचकी ४८ तासांपेक्षा जास्त टिकली, तर नावं घेणं थांबवा आणि डॉक्टरकडे जा.

हे इतक्या आग्रहाने सांगण्याचं कारण आहे. पन्नाशी ओलांडलेले एक गृहस्थ चार दिवसांच्या उचकीसाठी माझ्याकडे आले. बायको सहा महिन्यांपूर्वी घर सोडून मुलीकडे राहायला गेलेली. शेजारी, भाऊ, मेव्हणे, सगळ्यांचं एकमत होतं की हे टेन्शन आहे. कोणीतरी झोपेची गोळीही दिली होती. मी त्यांना एकच विचारलं, "झोपेत उचकी थांबते का?" ते म्हणाले, "कसली थांबते, उचकीनेच जाग येते." केवळ मनाच्या ताणाने येणारी उचकी बहुधा झोपेत थांबते. झोपेतही चालू राहिली तर शरीरात काहीतरी बिघडलंय असा संशय घ्यायचा. रक्त तपासलं तर क्रिएटिनिन खूप वाढलेलं होतं. किडन्या निम्म्याहून जास्त गेलेल्या होत्या, वर्षानुवर्षांच्या रक्तदाबाने. बायको गेल्यापासून रक्तदाबाच्या गोळ्या बंद झाल्या होत्या, कारण त्या रोज सकाळी हातावर ठेवणारी तीच होती. टेन्शनचा संबंध होता म्हणायचा तर इतकाच होता, आणि तो मला उचकीपेक्षा जास्त गंभीर वाटला. किडनीचे विकार, मेंदूच्या देठातला पक्षाघात, छातीत किंवा पोटात गाठ, काही औषधं, क्वचित हृदयविकाराचा झटकासुद्धा दीर्घ उचकीमागे असू शकतो. 'टेन्शन' हे निदान सगळ्या तपासण्यांनंतर करायचं असतं, आधी नाही.

तर, नाटक.

लुबिचचा चित्रपट ज्यावरून घेतला ते मूळ नाटक म्हणजे 'दिव्होर्सों', मराठीत 'चला, घटस्फोट घेऊ या'. लेखक व्हिक्तोरिएँ सार्दू आणि एमिल द नाजाक. डिसेंबर १८८० मध्ये पॅरिसच्या पाले-रॉयाल थिएटरात ते रंगमंचावर आलं आणि लोकांनी डोक्यावर घेतलं. पुढे कित्येक दशकं ते युरोप-अमेरिकेत होत राहिलं. एलिओनोरा दूझेसारख्या थोर इटालियन अभिनेत्रीने त्यातली नायिका केली. १९०७ मध्ये न्यूयॉर्कला ग्रेस जॉर्जने ती गाजवली. लुबिचनेच त्यावर आधी १९२५ साली एक मूकपटही केला होता. गंमत म्हणजे त्याच १८८० सालच्या ऑक्टोबरअखेरीला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतल'चा पहिला प्रयोग झाला. तिथे नवरा बायकोला साफ विसरलेला, इथे बायको नवऱ्याला कंटाळलेली.

गोष्ट अशी. सिप्रिएन नावाची तरुण बायको, नवरा दे प्रुनेल वयाने मोठा आणि आता घरात निवांत बसू पाहणारा. तिची तक्रार ऐकण्यासारखी आहे. लग्नाआधी पुरुष मनसोक्त जगून घेतात, दमतात आणि मग लग्न करतात. बाईचं आयुष्य लग्नानंतर सुरू व्हायचं असतं, तेव्हा समोर दमलेला माणूस! नवऱ्याचा चुलतभाऊ आदेमार तिच्यामागे लागलेला आहे. नवऱ्याला संशय आहे, म्हणून त्याने दारावर विजेची घंटी बसवली आहे, कोणी आत-बाहेर केलं की वाजणारी.

त्या काळी फ्रान्समध्ये घटस्फोटाचा कायदा नव्हता. १७९२ मध्ये क्रांतीने तो दिला होता, १८१६ मध्ये राजवटीने काढून घेतला. १८८० मध्ये तो परत आणायचा की नाही यावर संसदेत वाद चालू होता, म्हणजे नाटकाचा विषय त्या दिवसाच्या वर्तमानपत्रातला होता. आदेमार एक खोटी तार मागवतो, 'कायदा मंजूर झाला'. हेतू हा की आता लग्न होणारच म्हटल्यावर सिप्रिएन त्याला होकार देईल. नवरा हुशार. तार खोटी आहे हे त्याच्या लक्षात येतं, पण तो बोलत नाही. उलट म्हणतो, छान झालं, आपण घटस्फोट घेऊ, तू याच्याशी लग्न कर.

आणि मग सगळं उलटतं. आता आदेमार हा भावी नवरा, म्हणून कंटाळवाणा. खरा नवरा आता मित्र, म्हणून त्याच्याशी मोकळेपणाने बोलता येतं. ती त्याला आदेमारबद्दल सगळं सांगून टाकते, दोघं हसतात. संध्याकाळी तो बाहेर जेवायला निघतो तेव्हा ती अस्वस्थ होते, कोणाबरोबर चाललाय हा? शेवटी दोघंच लपूनछपून हॉटेलच्या खासगी खोलीत जेवायला जातात, स्वतःच्याच नवऱ्याबरोबर व्यभिचार करावा तसे. आदेमार बाहेर पावसात भिजतो, पोलीस अधिकाऱ्याला घेऊन येतो आणि सापडतं काय, तर कायदेशीर जोडपं!

प्रेक्षक का हसले असतील ते कळतं. पण मी हे नाटक इंग्रजी भाषांतरात वाचलं तेव्हा माझं लक्ष दुसऱ्या अंकातल्या त्या गप्पांवर थांबलं. वेगळं व्हायचं ठरल्यावर दोघं पहिल्यांदा सरळ बोलतात. हे मी प्रत्यक्षात पाहिलेलं आहे. कोर्टात अर्ज दिल्यानंतर एकमेकांच्या साखरेची, गुडघ्याची चौकशी करणारी जोडपी माझ्याकडे येतात. एकीने तर सांगितलं, "आता तो माझा नवरा राहणार नाही म्हटल्यावर त्याचा राग यायचा बंद झाला." त्यातली काही परत एकत्र आली, बरीचशी नाही आली. न येणाऱ्यांचंही माझ्या पाहण्यात वाईट झालेलं नाही.

नवऱ्याची युक्ती मात्र मला पटत नाही. त्याला खरं माहीत आहे आणि तिला नाही. आपल्या आयुष्याचा निर्णय आपण घेतोय असं तिला वाटतं, प्रत्यक्षात खेळ त्याच्या हातात आहे. नाटकात चालतं ते. घरात करून बघू नका.

आता भांडणाचं शास्त्र पाहू. अमेरिकेत ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४२ निरोगी जोडप्यांवर एक प्रयोग केला, २००५ साली तो प्रसिद्ध झाला. प्रत्येकाच्या हातावर यंत्राने ओढून छोटे फोड आणले, म्हणजे ठरावीक मापाच्या जखमा. एका भेटीत जोडप्याने एकमेकांना आधार देणाऱ्या गप्पा मारायच्या, दुसऱ्या भेटीत वादाच्या विषयावर बोलायचं. वादानंतर जखमा सावकाश भरल्या. ज्या जोडप्यांचं बोलणं दोन्ही वेळा कडवट, टोचणारं होतं, त्यांच्या जखमा इतरांच्या तुलनेत साधारण ६० टक्के वेगानेच भरल्या. लक्षात घ्या, ही मारामारी करणारी जोडपी नव्हती. फक्त बोलत होती.

असं का होतं? भांडणात ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसोल वाढतं. नाडी, रक्तदाब, रक्तातली साखर चढते. हे दहा मिनिटं झालं तर शरीर सावरतं. रोज झालं, आणि भांडण नसतानाही त्याची वाट पाहत शरीर ताठ राहिलं, तर झोप जाते, आम्लपित्त वाढतं, मधुमेह आवरत नाही, जखम भरत नाही. अचानक मोठा धक्का बसला तर हृदयाचा स्नायू तात्पुरता दुबळा होऊन फुगतो, त्याला ताकोत्सुबो म्हणतात. जपानी डॉक्टरांनी १९९० मध्ये त्याचं वर्णन केलं. ऑक्टोपस पकडायच्या मडक्यासारखा आकार दिसतो म्हणून हे नाव. पाळी गेलेल्या बायकांमध्ये तो जास्त दिसतो, लक्षणं हुबेहूब हार्ट ॲटॅकची, आणि वेळेवर उपचार झाले तर बहुतेकदा काही आठवड्यांत हृदय पूर्ववत होतं. पण तो ताकोत्सुबो आहे की खरा ॲटॅक, हे घरी ठरवायचं नसतं.

मग वेगळं झाल्यावर बरं वाटतं का? १९६७ मध्ये होम्स आणि रे या दोघांनी आयुष्यातल्या ४३ घटनांना ताणाचे गुण दिले. जोडीदाराचा मृत्यू १००, घटस्फोट ७३, वेगळं राहणं ६५. आणि आता बघा, लग्न ५०, आणि भांडणानंतर पुन्हा एकत्र येणं ४५! म्हणजे राहा, जा किंवा परत या, शरीराला जुळवून घ्यावंच लागतं. त्यामुळे घटस्फोट घेतल्यावर लगेच बी.पी. उतरेल अशी अपेक्षा घेऊन कोणी आलं तर मी त्यांना सांगतो की पहिलं वर्ष-दीड वर्ष उलट जास्त सांभाळायचं आहे. गोळ्या कोण देणार, डबा कोण करणार, रात्री छातीत दुखलं तर फोन कोणाला करायचा, हे आधी ठरवा. वकिलाची फी ठरवताना हेही ठरवता येतं. किडनीवाल्या गृहस्थांना मी गोळ्यांचा सात खणांचा डबा घ्यायला लावला आणि फोनमध्ये रोज सकाळी आठचा गजर लावून दिला.

इथे फ्रान्सला परत जातो, कारण या कथेत एक डॉक्टर आहे. नाटकानंतर चार वर्षांनी, २७ जुलै १८८४ रोजी तो कायदा खरोखर मंजूर झाला. वर्षानुवर्षं त्यामागे लागलेला माणूस म्हणजे आल्फ्रेड नाके, वैद्यकीचा पदवीधर आणि रसायनशास्त्रज्ञ. त्याच्या नावानेच तो कायदा ओळखला जातो. त्यातही परस्परसंमतीला जागा नव्हती. व्यभिचार, छळ, अपमान असा दोष सिद्ध करावा लागायचा. संमतीचा घटस्फोट फ्रान्समध्ये १९७५ मध्ये परत आला, आपल्या हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीने.

आणि त्याच १८८४ साली मुंबईत दादाजी भिकाजीने बायकोला नांदायला पाठवा म्हणून हायकोर्टात दावा लावला. बायको म्हणजे रखमाबाई. अकराव्या वर्षी लग्न झालेलं, कधीही नांदायला न गेलेली, सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी शिकलेली. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला. १८८७ मध्ये दुसऱ्या निकालात सांगितलं गेलं, नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. ती म्हणाली, तुरुंगात जाईन. १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. मग ती लंडनला गेली, डॉक्टर झाली, आणि सुरत-राजकोटला तिने आयुष्यभर बायकांवर उपचार केले. तिचं निधन सप्टेंबर १९५५ मध्ये झालं, हिंदू विवाह कायदा लागू झाल्यानंतर चार महिन्यांनी. पॅरिसमध्ये ज्या विषयावर लोक पोट धरून हसत होते, त्या विषयावर इथे एक विशीतली मुलगी तुरुंगाची तयारी करत होती. डॉक्टर म्हणून मला तिच्याबद्दल जो आदर आहे तो नाकेपेक्षा पुष्कळ जास्त आहे.

लुबिचच्या चित्रपटात एक प्रसंग आहे. घटस्फोटाला कारण हवं म्हणून वकिलाच्या कचेरीत साक्षीदारासमोर नवऱ्याने बायकोच्या थोबाडीत मारायची असं ठरतं. त्याचा हात उठत नाही, म्हणून तो दारू पितो. १९४१ मध्ये हशा पिकला असेल. मला नाही आलं हसू, कारण थोबाडीतली मारून "पडली जिन्यावरून" सांगायला लावलेल्या बायका मी तपासल्या आहेत.

म्हणून नवरा-बायको दोघं आले, आणि बायकोची दुखणी नवराच सांगायला लागला, की मी त्याला छातीची पट्टी काढायचे पैसे भरायला बाहेर पाठवतो. दार लागलं की तिला एकच प्रश्न विचारतो, "घरी भीती वाटते का?" राग येतो का, असं विचारत नाही. राग दोघांनाही येतो, आणि रागावर नाटक होऊ शकतं, समुपदेशन होऊ शकतं, परत जमूही शकतं. उत्तर "हो" असेल तर जमवून घ्या असं मी सांगत नाही. नवऱ्याबद्दलही हाच नियम आहे. मारहाण, धमक्या सोसणारे पुरुष कमी भेटले, पण भेटले आहेत.

तुमच्यापैकी कोणाचं उत्तर "हो" असेल तर महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे, जिवाला धोका असेल तर ११२. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा २००५ चा कायदा आहे आणि त्याखाली घटस्फोट न घेताही संरक्षण मागता येतं. डॉक्टरकडे गेलात तर जखम कशी झाली ते खरं सांगा आणि केसपेपरवर तसंच लिहायला सांगा, पुढे तो कागद उपयोगी पडतो. भीती नाही पण झोप नाही, रडू येतं, कशातच मन लागत नाही असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा मोफत नंबर आहे. मराठीतही बोलता येतं.

आणि उचकी ४८ तासांच्या वर गेली असेल तर येताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं घेऊन या. रिकामी असली तरी चालतील.